तिसऱ्या मजल्यावरचा चेक

सातारा,
रविवार

चि. छोटीस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. तू सोसायटीची खजिनदार झालीस हे तिने अभिमानाने सांगितलं आणि त्याच दमात तुझी तक्रारही केली. तू म्हणे खाली बोर्डावर नोटीस लावली आहेस : पुढच्या महिन्यापासून मेंटेनन्स फक्त ऑनलाइन भरावा, चेक घेतले जाणार नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी परवा चेक घेऊन तुझ्या दारात आल्या. तू तो ठेवून घेतलास, पण बँकेत भरायचा की परत द्यायचा हे अजून ठरवलेलं नाहीस. आई म्हणाली, "दादा, तूच लिही तिला. तुझी पस्तीस वर्षं बँकेत गेली." म्हणून लिहितो आहे.

रोजच्या व्यवहारातून चेक गेला हे चांगलंच झालं. भाजी, औषधं, विजेचं बिल यांसाठी आता कुणी चेक फाडत बसू नये. २०१६ साली यूपीआय आलं आणि पुढच्या काही वर्षांत मीसुद्धा दूधवाल्याचे पैसे फोनवरून द्यायला लागलो. बिलाचा चेक हातात धरून भर उन्हात रांगेत उभं राहण्यात माझ्या पिढीचे किती तास गेले, ते मी काउंटरच्या आतून पाहिलंय. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. तुझ्या नोटिशीतलं 'ऑनलाइन भरावा' मला पटतं. त्यातला 'फक्त' पटत नाही.

चेक वटायला दोन-तीन दिवस लागतात, असं तू आईला म्हणालीस. ही माहिती आता जुनी झाली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने क्लिअरिंगची पद्धतच बदलली. सकाळपासून दुपारपर्यंत बँका चेक स्कॅन करून एकामागून एक पुढे पाठवत राहतात, आणि ज्याच्यावर चेक काढला आहे त्या बँकेने त्याच संध्याकाळी ७ पर्यंत हो की नाही ते कळवायचं. कळवलं नाही, तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं. सकाळी भरलेल्या चेकचे पैसे त्याच दिवशी पदरात पडू शकतात.

मी १९७९ साली नोकरीला लागलो तेव्हा मुंबईत चेक स्वतः प्रवास करायचा. संध्याकाळी काउंटर बंद झाला की आम्ही दिवसभराचे चेक बँकवार लावायचो, गठ्ठे बांधायचो, प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज मारायचो. बेरीज एका रुपयाने जरी चुकली तरी घरी जाता येत नसे. मग ते गठ्ठे क्लिअरिंग हाऊसमध्ये जायचे, तिथे बँकांची माणसं आपापले चेक एकमेकांना द्यायची, आणि न वटलेले चेक दुसऱ्या दिवशी उलट्या वाटेने परत यायचे. ऐंशीच्या दशकात चेकच्या तळाशी ती पांढरी पट्टी आली. तिच्यावरची शाई चुंबकीय असते, म्हणून ते आकडे यंत्राला वाचता येतात. आधी चेकचा सहा आकडी नंबर, मग नऊ आकडी कोड : पहिले तीन आकडे शहराचे, मधले बँकेचे, शेवटचे शाखेचे. मुंबईचा कोड ४०० ने सुरू होतो, तुमच्या पुण्याचा ४११ ने. पुढे तर कागदाचा प्रवासच थांबला. २००८ साली दिल्लीत आणि २०१३ साली मुंबईत अशी पद्धत सुरू झाली की चेक जिथे भरला तिथेच राहतो, नुसतं त्याचं चित्र पुढे जातं. मी निवृत्त झालो तेव्हा गठ्ठ्यांची ती लांब टेबलं ओस पडली होती, आणि मला त्याचं समाधानच वाटलं.

तेव्हा वेगाचा मुद्दा सोडून दे. पैसे कुणाच्या सहीने जातात, हे जास्त महत्त्वाचं आहे.

सोसायटीचं घे. पैसे येतात त्याबद्दल तू नोटीस लावलीस, पण जातात त्याबद्दल काय ठरवलं आहेस? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे दोन लाख, लिफ्टवाल्याचं वर्षाचं कंत्राट, रंगकाम. आजवर हे पैसे चेकने जात होते आणि चेकवर दोघांच्या सह्या लागत होत्या. सेक्रेटरी सही करून चेकबुक तुझ्याकडे पाठवणार, तू बिल मागणार, बिलावरची रक्कम आणि चेकवरची रक्कम ताडून पाहणार, आणि मगच सही करणार. अनेकदा दुसऱ्या सहीसाठी दोन दिवस थांबावं लागतं. त्या दोन दिवसांत कुणीतरी विचारतं, "अहो, पण काम पूर्ण झालंय का?" मी ज्या ज्या संस्थेचे हिशेब गडबडलेले पाहिले, तिथे बहुतेक वेळा गडबड एकाच ठिकाणी सुरू झाली होती : दुसरी सही करणाऱ्याने कोऱ्या चेकांवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. आपल्याला त्रास नको म्हणून.

तुझ्या फोनवरून एका बोटाने कंत्राटदाराला पैसे गेले तर तो सवाल विचारायला जागाच उरत नाही. तू प्रामाणिक आहेस हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, एकट्याच्या हातात सगळा कारभार ठेवू नकोस. उद्या कुणी बोट दाखवलं तर तुझ्या बाजूने उभी राहायला ती दुसरी सही असू दे. काही बँका संस्थेच्या खात्याला अशी ऑनलाइन सोय देतात की व्यवहार एकाने टाकायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. तुमच्या बँकेत ती असेल तर जरूर घे आणि खुशाल चेकबुक कपाटात ठेव. नसेल, तर मोठ्या रकमा चेकनेच दे.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे वळतो, आणि इथे मला तुझ्या स्वतःच्या आजीबद्दल लिहावं लागेल. हे तुला आईने कधी सांगितलं नसेल.

बाबा गेल्यानंतर तुझ्या आजीच्या नावावर पेन्शन यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचं चेकबुक घरात आलं. ती सातवी शिकलेली होती, पण अक्षर वळणदार. चेक मराठीत लिहायची : 'अक्षरी रुपये दोन हजार फक्त'. काउंटरवरच्या एका पोराने एकदा तिला सांगितलं की चेक इंग्रजीतच लिहावा लागतो. ती घरी येऊन मला विचारायला लागली. मी तिला रिझर्व्ह बँकेचा नियम वाचून दाखवला : चेक इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या त्या राज्याच्या भाषेत लिहिता येतो. दुसऱ्या दिवशी ती तोच मराठीतला चेक घेऊन पुन्हा गेली आणि पैसे घेऊन आली. त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

मग तिचे हात थरथरायला लागले. एक दिवस किराणावाल्याला दिलेला चेक परत आला. शेरा होता, सही जुळत नाही. मी स्वतः तोच शेरा शेकडो चेकांवर मारला होता. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिला वाटलं, बँक म्हणते आहे की ही बाई मी नव्हेच. मी म्हणालो, "आई, आता राहू दे, मी भरत जाईन सगळं." ती म्हणाली, "भरशील रे, पण मग ते मी दिलेले नसतील."

तेव्हा मी जरा नियम चाळले. वृद्ध किंवा आजारी खातेदाराला सही करता येत नसेल, तर अंगठ्याचा ठसा चालतो. तोही उमटत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. इतक्या थराला जावं लागलं नाही. आम्ही तिच्या नव्या, थरथरत्या सहीचा नमुना बँकेत देऊन आलो. शेवटपर्यंत त्या सहीने तिने स्वतःचे पैसे स्वतः दिले, दिवाळीत तुम्हा नातवंडांना दिलेले पाचशे रुपयेसुद्धा.

तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना फोनवरून पैसे भरायला लावलंस तर काय होईल, याचा विचार कर. त्या फोन आणि पिन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतील. नातवाच्या, शेजारणीच्या, कदाचित वॉचमनच्या. पिन एकदा दुसऱ्याला दिला की खातं आपलं राहत नाही, हे तूच आईला दहा वेळा बजावलं आहेस. वर फसवणूक करणाऱ्यांचे फोन नेमके या वयाच्या माणसांना येतात. फोनवरून पैसे गेले ते क्षणात जातात. चेक वटण्याआधी थांबवायला निदान काही तास तरी हाताशी असतात.

चेकमध्ये खोट नाही असं समजू नकोस. चेक म्हणजे पैसे नव्हेत, पैसे देण्याचं लेखी वचन आहे, आणि वचन मोडणारे चिकार आहेत. माझ्या एका मित्राने दुकान विकलं आणि उरलेल्या रकमेपोटी पुढच्या तारखांचे चार चेक घेतले. पहिला वटला, तीन परत आले. न वटलेल्या चेकसाठी १८८१ च्या कायद्यात कलम १३८ आहे. ते लागू झालं १ एप्रिल १९८९ ला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मुदती काटेकोर असतात : बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस द्यायचे, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. मित्राने सगळं वेळेत केलं, तरी तारखांवर तारखा पडत सहा वर्षं गेली. २०१९ च्या अखेरीस अशा ३५ लाखांहून जास्त खटल्यांचा निकाल देशात बाकी होता. एका कलमाखाली इतकी माणसं ताटकळत बसली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कोऱ्या चेकवर सही करून तो कधी, कुणालाही देऊ नकोस. 'रक्कम मी भरली नव्हती' एवढं म्हणून सुटका होत नाही. सही करून आपणहून दिलेला कोरा चेकसुद्धा देणं फेडण्यासाठीच दिला असं धरलं जातं आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं सही करणाऱ्यावर येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. सेक्रेटरी गावाला जाताना 'तेवढ्या चार चेकांवर सह्या करून ठेव' म्हणतील. नाही म्हण. वाईट वाटलं तरी चालेल.

ज्यांचे चेक घेशील ते नीट तपासून घे. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेषा आणि मध्ये 'अकाउंट पेयी' असावं, म्हणजे पैसे सोसायटीच्या खात्याशिवाय कुठेही जाणार नाहीत. जुन्या सराफी पेढ्यांवर शाहजोग हुंडी चालायची, तीही अशीच, कुणाही वाटसरूला न देता ओळखीच्या पतदार माणसालाच द्यायची. सावधगिरी तीच आहे, फक्त कागद बदलला. खाडाखोड केलेला चेक घेऊ नकोस. तारीख सोडून कुठलीही दुरुस्ती आता चालत नाही, सही करून केलेलीसुद्धा. सोसायटी स्वतः ५० हजार किंवा त्याहून मोठा चेक देईल तेव्हा त्याचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम बँकेला आधी कळवून ठेव, म्हणजे मध्ये कुणी आकडा बदलला तर बँकेच्या लक्षात येईल. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

नोटीस काढून टाकायची गरज नाही. तिच्यात एक ओळ घाल : 'ज्यांना ऑनलाइन भरणे शक्य नाही त्यांनी चेक द्यावा.' सत्तेचाळीस घरांपैकी चार-पाच चेक येतील. महिन्यातून एकदा बँकेत जाणं तुला जड नाही. आजींना जिना उतरायला लावू नकोस, तूच वर जा. त्या चहा करतील, तो पी. चेकच्या मागे फ्लॅट नंबर लिहून घे आणि पावती तिथल्या तिथे फाडून दे.

आईला विचारलं तर ती म्हणाली, आजींनी त्या चेकवर दोन डिसेंबरची तारीख घातली आहे आणि तो अजून तुझ्या टेबलाच्या खणात आहे. चेक आता सहा महिने चालत नाही, २०१२ पासून मुदत तीनच महिन्यांची आहे. उद्या सोमवार आहे. बँक उघडली की आधी तो भर.

तुझा,
मामा