भंगारातल्या लोखंडाची साक्ष



गवंड्यांनी बाजूला टाकलेला एक दगड पुढे साऱ्या इमारतीचा आधार झाला, हे आपण स्तोत्र 118 मध्ये ऐकतो आणि आपल्याला प्रभू येशू आठवतो. आज त्या दगडाशेजारी आपण थोडे भंगारातले लोखंड ठेवून पाहू या.

चीनमधील शांघाय शहरात ताओपू ही औद्योगिक वसाहत होती. तेथील रंग, औषधे व रसायनांच्या कारखान्यांचे सांडपाणी एका शुद्धीकरण केंद्रात येई. अशा केंद्रात घाण खाऊन टाकण्याचे काम सूक्ष्म जीवाणू करतात. पण हे पाणी इतके विषारी की जीवाणूंनाही ते पचेना. तेव्हा मा लुमिंग व झांग वेइश्यान ह्या शास्त्रज्ञांनी यंत्रशाळेतले भंगार हाती घेतले. लेथवर लोखंड कातताना निघणारा कीस त्यांनी टाक्यांत भरला आणि सांडपाणी आधी त्यातून सोडले. त्यांनी 2008 साली हे काम जगापुढे मांडले. ते केंद्र दिवसाला 60,000 घनमीटर, म्हणजे 6 कोटी लिटर सांडपाण्यासाठी उभारलेले होते.

ह्यात घडते काय? लोखंड गंजते. गंजताना ते आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि त्यामुळे रंगांचे चिवट रेणू मोडतात. फॉस्फेटसारखे घटक गंजाला चिकटून बसतात. मग पुढचे काम जीवाणूंना जमते. लोखंड मात्र झिजत जाते. टाकीत पुन्हा नवा कीस भरावा लागतो.

दुसऱ्याची घाण धुताना स्वतः झिजायचे, ही क्रूसाची वाट आपल्या ओळखीची आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली 'लाउदातो सी' ह्या पत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी आपल्याला सावध केले. आपण वस्तू फेकतो, तशी माणसेही फेकतो. दारू सोडून घरी परतलेला भाऊ, परीक्षेत नापास झालेली मुलगी, खाटेवर पडलेली आजी, ह्यांना आपण कोणत्या ढिगात टाकले आहे? कदाचित व्यसनात बुडालेल्या दुसऱ्या एखाद्याला तोच भाऊ वर काढू शकेल. आपले शब्द जिथे पोहोचत नाहीत, तिथे त्याची जखम पोहोचते.

आणखी एक गोष्ट. पापनिवेदन आहे म्हणून आपण पाप करीत राहत नाही. तसेच सांडपाणी शुद्ध करता येते म्हणून नाल्यात उरलेला रंग किंवा गाडीचे जुने ऑइल ओतण्याची मुभा आपल्याला मिळत नाही. खाली कोणीतरी तेच पाणी वापरणार असते.

ह्या आठवड्यात आपण एक करू या. ज्याला आपण निकामी ठरवले, अशा एका माणसाच्या दारी जाऊ या आणि त्याच्याकडे मदत मागू या. हो, द्यायला नव्हे, मागायला.

हे प्रभो, आम्ही टाकून दिलेल्यांमध्ये तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.