दोष कोणाचा?



उपवासकाळातील आजच्या चौथ्या रविवारी आपण संत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय ऐकतो. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेच्या कडेला भीक मागत बसला आहे. शिष्यांना त्याची भूक दिसत नाही, पुढे आलेला हात दिसत नाही. त्यांना प्रश्न पडतो तो एवढाच, की पाप कोणी केले, याने की याच्या आईवडिलांनी? प्रभू येशू दोन्ही आरोप खोडून काढतो. मग तो खाली वाकतो, माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो.

शिष्यांचा तो प्रश्न आपल्या धर्मग्रामात अजून जिवंत आहे. सिकलसेलच्या आजाराबाबत तो आम्ही घरोघरी ऐकला आहे, आणि खरे सांगायचे तर एकदा आमच्याच तोंडून त्याला साथ मिळाली आहे.

काही वर्षांपूर्वी घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही एका पाड्यावर गेलो होतो. एका घरात सहा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. गुडघे सुजलेले, डोळे पिवळसर. थंडी-पावसात त्याची हाडे ठणकत, रात्रभर तो रडे आणि आई गरम फडक्याने शेकत बसे. शेजारणी म्हणत, बाहेरचे काहीतरी लागले आहे. सासू म्हणे, सुनेच्या माहेरचा दोष. आणि आम्ही? देव ज्याच्यावर जास्त प्रेम करतो त्याला जास्त दुःख देतो, असे म्हणून आम्ही मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या घरी गेलो. पुष्कळ दिवसांनी त्या माऊलीने मिस्सेनंतर आम्हाला गाठले. “फादर, देवाचं आमच्यावरचं प्रेम थोडं कमी असतं, तर माझं पोर रात्री झोपलं असतं का?”

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. या आजाराविषयी आम्ही वाचू लागलो ते त्या दिवसापासून, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

आपल्या पेशींत आईकडून आलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो आणि वडिलांकडून आलेला जवळजवळ तेवढाच. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कसे घडवायचे, हे त्यातच लिहिलेले असते. सिकलसेलमध्ये या अफाट मजकुरातले एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या एका साखळीत सहाव्या जागी भलताच दुवा बसतो. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५६ साली हे शोधून काढले. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटते, त्याचे ताठ धागे बनतात आणि वाटोळी, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या मुलाची हाडे ठणकत होती ती यामुळे. एरवी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते. डोळे पिवळे होतात ते त्यामुळे.

हा आजार होण्यासाठी बदललेले अक्षर आई आणि वडील, दोघांकडूनही यावे लागते. तेव्हा सासूबाईंचा हिशेब चुकीचा होता. सुनेच्या माहेरून जे आले, तेच त्यांच्या स्वतःच्या घरातूनही आले होते.

आणि जे आले त्याला दोष तरी का म्हणावे? अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले, की ज्यांच्याकडे हे अक्षर एकाच बाजूने आले आहे, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो. आपल्या रानपट्ट्यात हिवतापाने किती घरे ओस पाडली हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्या तापातून वाचले, मोठे झाले आणि वंश चालवला, त्यांच्यात असे वाहक होते. ज्याला आपण पूर्वजांचे पाप म्हणत होतो, त्यानेच कित्येक पूर्वजांना तारले होते.

आता उपचाराकडे वळू. ब्रुकलिनमधील डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली एक साधी गोष्ट टिपली. हा आजार घेऊन जन्मलेली बाळे पहिले काही महिने ठणठणीत असतात. असे का? कारण आईच्या उदरात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. ते जन्मानंतरही काही महिने रक्तात टिकते आणि पेशींना वाकू देत नाही. पुढे शरीर ते घडवणे थांबवते आणि दुखणे सुरू होते. हे थांबवणारा पहारेकरी कोण, हे २००८ साली बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. बीसीएल ११ ए हे त्या जनुकाचे नाव.

पण पहारेकऱ्याला हटवायचे कसे? साधन मिळाले ते जिवाणूंकडून. विषाणूने हल्ला केला, की काही जिवाणू त्याच्या मजकुराचा तुकडा आठवण म्हणून जपून ठेवतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की नेमक्या त्या जागी त्याला कापतात. २००७ साली हे प्रयोगाने सिद्ध झाले ते दही विरजणाऱ्या एका जिवाणूत. (तेथे प्रभूने माती घेतली, येथे दह्यातला जिवाणू कामी आला. आम्हाला यात गंमत वाटते.) इमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ साली या कात्रीला हवी ती जागा कशी दाखवायची ते सिद्ध केले. ‘क्रिस्पर’ म्हणतात ते हेच. २०२० साली दोघींना नोबेल पारितोषिक मिळाले.

उपचार असा: रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्या पहारेकऱ्याचे तांबड्या पेशींतले काम बंद पाडतात आणि पेशी परत देतात. त्याआधी जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधाने रिकामी करावी लागते. त्या औषधाने मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते, हे लपवून चालणार नाही. बदललेले अक्षर मात्र होते तेथेच राहते. त्याला कोणी हात लावत नाही. आईच्या उदरात ज्या रक्तावर बाळ जगले, तेच पुन्हा जागे केले जाते. देव आपल्याला आईच्या गर्भात घडवतो असे स्तोत्रकर्ता गातो. हे वाचताना आम्हाला ते स्तोत्र आठवले.

अमेरिकेत नॅशव्हिल येथे २०१९ साली व्हिक्टोरिया ग्रे या चार मुलांच्या आईने हा उपचार घेतला आणि तिची वर्षानुवर्षांची दुखणी थांबली. पुढे ज्या ३१ रुग्णांचे निष्कर्ष तपासता आले, त्यांतील २९ जणांना सलग किमान एक वर्ष तीव्र वेदनेचा झटका आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने याला परवानगी दिली.

काहीजण विचारतील, देवाच्या लिखाणात माणसाने ढवळाढवळ करावी का? व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने २००८ साली ‘दिग्नितास पेर्सोने’ या सूचनापत्रात याचे उत्तर दिले आहे. रुग्णाच्या शरीरातील पेशी बरे करण्याच्या हेतूने बदलणे तत्त्वतः योग्य आहे. ते औषधच आहे. पण पुढच्या पिढ्यांत उतरेल असा बदल, त्यातील धोके पाहता, आजच्या स्थितीत करू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील एका शास्त्रज्ञाने भ्रूणावस्थेतच असा बदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञही संतापले आणि त्याला तुरुंगवास झाला. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्या मुलींना कोणी विचारले नव्हते. तसेच, गर्भात आजार दिसला म्हणून बाळालाच संपवणे हा उपचार नव्हे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपणास ठाऊक आहे. मात्र ती शिकवण सांगून आजारी मुलाच्या आईला एकटे सोडणाऱ्या आमच्यासारख्यांना ती सांगण्याचा अधिकार कितीसा उरतो, हेही आम्ही स्वतःला विचारतो.

अमेरिकेत या उपचाराची किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये. आपल्या पाड्यावर तो आकडा सांगण्याचीही लाज वाटते. दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत घडवलेली ‘बिरसा १०१’ ही अशीच देशी उपचारपद्धती नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले. तेव्हा तिची रुग्णांवरील परीक्षा पुढेच होती. आपण प्रार्थना करू, पण हातावर हात ठेवून बसू नये. हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी, स्वस्त कॅप्सूल उदरातले तेच हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती नियमित घेतली, तर झटके बरेच कमी होतात. पाड्यावरचा तो मुलगा आता ती घेतो आणि शाळेत जातो.

जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे. सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. आपल्याकडे मात्र कार्ड ट्रंकेच्या तळाशी लपवतात. गेल्या वर्षी एका मुलीची सोयरीक ती वाहक आहे एवढ्याच कारणाने मोडली. मुलाची तपासणी कोणी केलीच नव्हती! एक जोडीदार वाहक आणि दुसरा नसेल, तर मुलांना हा आजार होत नाही, फार तर ती वाहक होतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक असते. हे साखरपुड्याआधी शांतपणे बोलता आले असते. आम्हीही विवाहपूर्व शिबिरात हा विषय कधी काढला नाही. ती चूक आमची.

तेव्हा विवाहपूर्व शिबिरात यापुढे पहिला तास याच विषयाचा राहील. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या हॉलमध्ये रक्ततपासणी होईल. बोटाच्या एका थेंबाचे काम आहे. रांगेत सर्वांत पुढे आम्ही धर्मगुरू उभे राहू आणि आमच्या पाठोपाठ ती माऊली. आपले कार्ड ती सर्वांना दाखवणार आहे, तसे तिनेच आम्हाला सांगितले आहे.