कलावंताची जात आणि रसिकाचा प्रश्न

रसिक कलावंताची जात, जमात किंवा वंश का विचारतो, हा प्रश्न भारतीय रसविचाराला अडचणीत टाकणारा आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार, म्हणजे प्रयोग रंगला की पात्राचे, नटाचे आणि प्रेक्षकाचे वेगळेपण गळून पडते व भाव सर्वांचा होतो या मतानुसार, हा प्रश्न उद्भवायलाच नको. तरीही तो उद्भवतो, आणि त्याचा उलगडा भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या तीजनबाईंच्या पंडवानीतून होऊ शकतो.

पंडवानी ही छत्तीसगडी बोलीत महाभारतकथा गाण्याची परंपरा असून तिच्या बसून गायच्या रीतीला वेदमती, तर उभे राहून अभिनयासह गायच्या रीतीला कापालिक म्हणतात. बाईने गायचेच तर बसून गावे हा दंडक पारधी जमातीच्या तीजनबाईंनी कोवळ्या वयातच मोडला आणि गाण्यापायी त्यांच्यावर जमातीचा बहिष्कार ओढवला. त्यांच्या हातातला मोरपिसे लावलेला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर पुढच्याच क्षणी द्रौपदीचे केस. आणि तेवढा वेळ गाणारी कोण, कुठली, याचे भान कुणालाच उरत नसे. तेथे साधारणीकरण पुरते खरे ठरते.

कथा संपल्यावर मात्र रस ओसरतो आणि अधिकाराचा, म्हणजे ही कथा सांगण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न पुढे येतो. पारध्यांच्या कित्येक गटांवर इंग्रजी अमदानीत कायद्यानेच जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी संशय काही सरला नाही, त्यामुळे व्यासाची कथा अशा जमातीतल्या बाईच्या तोंडून ऐकताना तिची ओळख हा कथेच्या अर्थाचाच भाग होतो. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या आणि प्रांतोप्रांतीच्या कामगारांनी वसलेल्या भिलाईत, जिथल्या पोलाद कारखान्यात तीजनबाईंनी नोकरीही केली, स्थानिक बोलीला असा मान मिळणे छत्तीसगडी श्रोत्याला स्वतःचा मान वाटावा, यात संकुचितपणा मुळीच नाही.

पारधी असूनही एवढी विद्वत्ता कशी, असे नवल करणारा मात्र कलावंताला गौरवताना तिच्या जमातीला हिणवतो. २०१९ साली तीजनबाईंना पद्मविभूषण मिळाले. त्या सन्मानाचा अभिमान बाळगणाऱ्या रसिकाने आपल्या वस्तीशेजारच्या पारध्यांकडे संशयाने पाहणे आधी सोडावे.