पाचवे कारण

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याकडे कुणाला धीर द्यायला वापरत नाहीत. आळशाला टोचायला वापरतात. देवाचे नाव पुढे करून अंग चोरणाऱ्याला मराठी समाजाने मान दिलेला नाही. तरीही कष्ट की श्रद्धा, हा वाद आपण घरोघरी घालत असतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत : शरीर, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. दैवाचा क्रमांक शेवटचा, पण ते यादीतून वगळलेले नाही. त्याच अध्यायात पुढे, आपल्या वाट्याच्या कर्मानेच ईश्वराची पूजा करावी, असे येते. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी हे मराठीत सांगताना कर्मांचीच फुले केली. मला हे वळण फार मोठे वाटते. तोवर कष्ट एका पारड्यात आणि देव दुसऱ्यात होता. इथे पारडीच उरली नाहीत. अरणच्या सावता माळ्यांनी ते जगून दाखवले. त्यांनी मळा सोडून पंढरीची वाट धरली नाही, भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल पाहिला. आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते, म्हणजे देवानेच भक्ताकडे जायचे.

सतराव्या शतकात रामदासांनी प्रयत्नालाच देव मानायला सांगितले. हे सगळ्यांना पाठ असते. पण आपल्या 'दासबोध' ग्रंथात त्यांनी महत्त्वाच्या गोष्टींचा क्रम लावला, तेव्हा हरिकथा पहिली ठेवली आणि साक्षेप, म्हणजे चिकाटीचा उद्योग, चौथा. ते मात्र कुणी सांगत नाही. टिळकांचेही तसेच झाले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' 1915 साली छापून आले. त्यातला कर्मयोग ज्ञानावर उभा आहे आणि भक्तिप्रधान आहे, असे ते स्वतः सांगतात. आपण कर्म तेवढे उचलले.

या गाळण्याची किंमत आज तरुण मुले मोजत आहेत. पुण्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना भिंतीवरची वाक्ये रोज बजावतात की, सगळे तुझ्याच हातात आहे. जागा थोड्या, उमेदवार लाखो. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे अभ्यास करूनही यादीत नाव आले नाही की तो मुलगा स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो. पाऊस दडी मारतो तेव्हा शेतकऱ्यालाही 'सगळे तुझ्याच हातात' हेच ऐकावे लागते, आणि ते क्रूर आहे. पाचवे कारण मान्य असणारा माणूस पेरणी टाळत नाही. वेळ साधून, बियाणे पारखून पेरतो. पीक आले तर त्याला माज चढत नाही आणि बुडाले तर तो स्वतःला नालायक म्हणत नाही. नापास मुलाला घरच्यांनी 'तू कमी पडलास' म्हणण्याआधी ती पाचही कारणे एकदा मोजून पाहावीत, एवढे माझे मागणे आहे.