शिक्षा कीं शुश्रूषा?

एकाच माणसाकडे न्यायाधीश अपराधी म्हणून पाहतो आणि वैद्य रोगी म्हणून. गर्दचें व्यसन जडलेला तरुण चिमूटभर पुडीसह पकडला जाऊन कोर्टापुढें उभा राहतो, तेव्हां यांपैकीं कोणती दृष्टि खरी मानावी? तो तरुण आपल्याच आळींतला निघेपर्यंत आम्ही पांढरपेशे लोक या प्रश्नाचा विचार करीत नाहीं, हें दुर्दैव होय.

कायद्यानें मात्र तो केला आहे. अमली पदार्थांविषयींच्या १९८५ च्या कायद्याचें ३९ वें कलम असें कीं, अल्प मात्रेच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनी माणसास, त्याची संमति असल्यास, कोर्ट तुरुंगाऐवजीं सरकारमान्य रुग्णालयांत उपचारांसाठीं पाठवूं शकतें. त्यानें मुचलका लिहून द्यावा आणि एका वर्षाच्या आंत उपचारांच्या फळाचा अहवाल कोर्टापुढें ठेवावा. हेरॉइनच्या बाबतींत ही अल्प मात्रा ५ ग्रॅम धरली आहे. अमेरिकेंत मायामी येथें १९८९ सालीं याच कल्पनेवर निराळें कोर्ट सुरू झालें. तेथें न्यायाधीश रोग्यास वरचेवर समोर बोलावून त्याची विचारपूस करतो.

यावर खरा आक्षेप असा कीं, तुरुंगाच्या छायेंत दिलेली संमति ही संमति कसली? आमचें उत्तर असें आहे. व्यसनी माणसाची इच्छा एक नसते. सकाळीं तो शपथ घेतो ती खोटी नसते. सायंकाळीं ती मोडणाराही तोच असतो. कोर्टाचा धाक त्याच्यावर परकी इच्छा लादीत नाहीं. सकाळच्या इच्छेस सायंकाळच्या इच्छेविरुद्ध बळ देतो.

परंतु दयेच्या नांवाखालीं बंदिवास कसा येऊन बसतो, याची आठवण वडाळ्यांतच आहे. तेथील ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाचा आरंभ १८९० चा. ज्यांचें नांव त्यास आहे ते म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ कांहीं निर्दय नव्हते. शाळिग्रामांच्या साहाय्यानें मराठी पोवाडे जमवून छापणारे ते रसिक गृहस्थ. तथापि पुढें १८९८ च्या कायद्यानें, भीक मागत फिरणाऱ्या निराधार कुष्ठरोग्यास पोलिसांनीं वॉरंटाशिवाय पकडावें आणि मॅजिस्ट्रेटनें आश्रमांत धाडावें, अशी सोय झाली. त्यांत रोग्याची संमति नव्हती, मुदत नव्हती, आणि त्या काळीं खात्रीचा इलाजही नव्हता. तो कायदा आतां रद्द झाला आहे. त्याचा धडा रद्द होऊं नये.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. जी सक्ती माणसास त्याची इच्छा परत देऊन आपण निघून जाते ती शुश्रूषा. जी जातच नाहीं ती शिक्षा, मग तिच्या दारावर रुग्णालयाची पाटी कां असेना. आणि वर्षाच्या आंत तो पुन्हां घसरला तर? ज्या घरानें हें दुखणें पाहिलें आहे त्यास ठाऊक आहे कीं, ताप उलटावा तसें व्यसन उलटतें. वचन मोडलें एवढेंच पाहून न्यायाधीशानें तुरुंगाचें दार उघडलें, तर त्यानें रोग्यास रोगाबद्दलच दंड केला. त्यानें आधीं वैद्यास विचारावें कीं, उपचार खरोखर झाला काय? आणि आम्ही, जे कोर्टांत नसतों, त्यांनीं स्वतःस विचारावें कीं, हा मुलगा बरा होऊन परतला तर आपल्या आळींत त्यास दार उघडें आहे काय?