वही कोणाची, नाव कोणाचे?

दुसऱ्याच्या शेतातले कणीस तोडणे ही चोरी, हे लहान मूलही जाणते. पण दुसऱ्याने जुळवलेली यमके किंवा त्याने वाजवलेला ठेका उचलणे ही चोरी आहे की नाही, असे विचारले तर शहाणीसुरती माणसेही घुटमळतात. कारण ज्याची ओळ गेली त्याच्याजवळ ती तशीच असते. जाते ते तिच्यावरचे त्याचे नाव आणि तिच्यावर मिळायची ती भाकरी. अमेरिकेतील हिप-हॉप या संगीताचा आरंभीचा इतिहास या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे.

हे संगीत न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या गरीब वस्तीत जन्मले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल होता. हे कुटुंब मूळचे जमैकाचे. त्याला लोक कूल हर्क म्हणत. गाण्यात जिथे नुसता ठेका वाजतो तिथे नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आळीपाळीने फिरवून तो ठेका लांबवण्याची रीत त्याने बसवली. त्या ठेक्यावर यमके जुळवून बोलू लागले, ते रॅप. या साऱ्याची नोंद कोणत्याही कचेरीत झाली नाही.

सहा वर्षांनी, १९७९ साली, न्यू जर्सीतील शुगर हिल या कंपनीने ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढली आणि ती देशभर गाजली. तिच्यात म्हणणाऱ्या तिघांपैकी हेन्री जॅक्सन हा पिझ्झाच्या दुकानात काम करी. त्याने म्हटलेली यमके ब्राँक्समधील ग्रँडमास्टर कॅझ या तरुणाच्या वहीतली होती. आपले संतकवी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालत, तसे कॅझने आपले टोपणनाव एकेक अक्षर सुटे करून त्या यमकांत गुंफले होते. जॅक्सनने तेही जसेच्या तसे म्हटले! नाव हवेत घुमले. तबकडीवर मात्र आले नाही. कॅझला ना श्रेय मिळाले, ना मोबदला.

त्याच तबकडीचे संगीत ‘शीक’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’वरून घेतले होते. त्याचे कर्ते नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखवताच त्यांची नावे लेखक म्हणून लागली. ते योग्यच झाले. पण एकाच गाण्यात दोघांकडून उसने घेतले असता, ज्यांच्यापाशी वकील होता त्यांचे देणे फेडले गेले आणि ज्याच्यापाशी नुसती वही होती त्याचे बुडाले. दोन्ही देण्यांत नैतिक फरक तो कोणता?

येथे कोणी म्हणेल, ‘या मुलांनी तरी दुसऱ्यांच्याच रेकॉर्डी वापरल्या ना?’ आक्षेप खरा आहे. आपला ठेका कोणत्या तबकडीवरचा हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून हर्क तबकड्या पाण्यात भिजवून वरची लेबले काढून टाकी. म्हणजे आधीच्यांची नावे त्यानेही पुसलीच. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मधील क्लाइड स्टबलफील्डचा ठेका असंख्य गाण्यांत उचलला गेला, पण लेखक म्हणून नाव ब्राऊनचे असल्याने ढोल वाजवणाऱ्याला त्यातून काही मिळाले नाही. १९६९ साली ‘विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाने ‘आमेन’ या भक्तिगीतावरून ‘आमेन, ब्रदर’ ही धून वाजवली. तीत ग्रेगरी कोलमनने वाजवलेला अवघ्या सहा-सात सेकंदांचा ठेका पुढे जगभर पसरला. कोलमन २००६ साली विपन्नावस्थेत वारला.

१९९१ साली न्यायालयाने याची दखल घेतली. बिझ मार्की या गायकाने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी मागून, पण ती मिळण्याची वाट न पाहता वापरला होता. न्यायमूर्ती डफी यांनी आपल्या निकालाचा आरंभच मोशेच्या दहा आज्ञांपैकी चोरीविषयीच्या आज्ञेने केला. आज्ञा खरी आणि निकालही समजण्यासारखा. मात्र त्या निकालामागे बळ आज्ञेचे नव्हते, नोंदणीकृत हक्काचे होते. कॅझसाठी किंवा कोलमनसाठी ती आज्ञा कोणत्या न्यायासनावरून उच्चारली गेली?

कायदा कागद पाहतो आणि त्याने तो पाहावाही. नाहीतर रोज नवे दावेदार उभे राहतील. परंतु कायद्याने पकडले नाही म्हणजे देणे उरले नाही, असे मानणे हा आपल्या मनाने काढलेला सोयीचा अर्थ होय. शिवाय ‘त्यानेही घेतलेच होते’ या युक्तिवादाने आपले देणे फिटत नाही. हर्कने लेबल पुसले म्हणून हर्कची रीत फुकट ठरत नाही. एकाचे ऋण दुसऱ्याच्या ऋणाने वजा होत नाही. साखळीतील प्रत्येकाने आपली कडी तेवढी सांभाळायची असते.

जे कायद्याला साधले नाही ते काही साध्या श्रोत्यांनी केले. २०१५ साली त्यांनी वर्गणी काढली आणि ‘विन्स्टन्स’चा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला चोवीस हजार पौंड दिले. कोणी दावा लावला नव्हता, कोणी मागितले नव्हते. कोलमन मात्र ते पाहायला नव्हता.

दुसऱ्याच्या कृतीवर जो उभा राहतो त्याच्यावर तीन देणी असतात: परवानगी, मोबदला आणि नाव. पहिली दोन द्यायला कधी सवड नसते, कधी पैसा नसतो. तिसऱ्याला मात्र काहीच खर्च येत नाही. तरीही सर्वांत आधी तेच बुडवले जाते. नाव घेतले की उरलेली दोन देणीही कबूल करावी लागतात, हेच त्याचे कारण नसेल ना?