रंग वगळल्यावर काय उरते?

काळ्यापांढऱ्या छायाचित्रात एक प्रकारचे वैराग्य असल्याचा भास होतो. समुद्र, वाळू, एकटी होडी. रंग गेले की चित्र गंभीर वाटू लागते आणि पाहणाराही क्षणभर शांत होतो. पण ही शांती खरोखर पाहण्यातून आलेली असते, की केवळ रंग पुसल्यामुळे? प्रश्न छायाचित्रणाचा दिसतो, तरी तो सत्य आणि त्याग या दोहोंना भिडतो.

ओळखीतला एक १९ वर्षांचा मुलगा काही महिन्यांपासून अलिबागच्या किनाऱ्यावर मोबाईलने काळेपांढरे फोटो काढतो आहे. आधी त्याला वाटे, ‘मोनो’ बटण दाबले की काम झाले. मग एका फोटोत हिरव्या होडीवर वाळत घातलेला लाल सदरा होडीतच विरघळून गेला. दोन्ही सारख्याच करड्या छटेचे झाले होते. तेव्हापासून तो उजेडाचा फरक पाहू लागला : ओल्या आणि कोरड्या वाळूतला, फेस आणि ढग यांच्यातला. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना साचलेल्या पाण्यात आकाश उतरलेले असते. त्या वाटेने तो लहानपणापासून गेला आहे. ते आकाश त्याला आता दिसते. मला तर ही साधनाच वाटते.

एकदा त्याने विचारले, “काका, डोळ्यांना समुद्र निळा दिसतो, मी तो काळा करतो. मग हे खोटे नाही का?”

समुद्राचे फोटो काढणाऱ्यांपुढे ही अडचण फार पूर्वीपासून आहे. फ्रान्समधला गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्राची छायाचित्रे घेत होता. त्या वेळच्या काचेच्या प्लेटवरचे रसायन निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असे. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे पडे. म्हणून त्याने काही चित्रांसाठी समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह घेतल्या आणि छापताना त्या क्षितिजाच्या रेषेवर जोडल्या. एवढ्यावर तो थांबला नाही. एकच ढगाळ आकाश त्याने निरनिराळ्या समुद्रांवरही वापरले.

यातले पहिले मला पटते. डोळ्यांना समुद्र आणि आकाश एकत्र दिसतच होते, अपुरी होती ती प्लेट. उसन्या ढगांपाशी मात्र मन अडखळते. आज मोबाईलमध्ये आकाश बदलणे एका बोटाचे काम आहे, त्यामुळे हे अडखळणे जपायला हवे. काळा समुद्र खोटा नाही. तो निळा होता हे काढणाऱ्याला ठाऊक आहे आणि पाहणाऱ्यालाही. कुणी शटर बराच वेळ उघडे ठेवून लाटांचे धुके करतो. तसा समुद्र कोणत्याच डोळ्याने पाहिलेला नसतो, तरी त्यात कुणावर अन्याय होत नाही. लाटेची काही तक्रार नसते.

माणसाची गोष्ट निराळी. अलिबागचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समोर असतो, आकाशाप्रमाणे उजेड साधला की किनाऱ्यावरची माणसे नुसत्या काळ्या आकृती होतात. या मुलाचा सर्वांत वाखाणला गेलेला फोटो असाच आहे : जाळे दुरुस्त करणारे एक आजोबा, वाकलेली काळी पाठ, मागे चकाकते पाणी. पाहणारे म्हणाले, “केवढे हे एकाकीपण!” प्रत्यक्षात आजोबांच्या शेजारी तिघे जण बसून गप्पा मारत होते. मुलाने त्यांना चौकटीबाहेर ठेवले होते.

रंग सोडताना तो स्वतःचे काही सोडत होता. आजोबांचे सोबती मात्र त्याचे नव्हतेच. यमांमध्ये अस्तेय सांगितले आहे, ते आपण पैशापुरते, वस्तूपुरते समजतो. कुणाची संगत काढून घेऊन त्याच्यावर आपल्याला हवे ते दुःख चढवणे त्यात कसे बसणार?

मी त्याला एवढेच म्हटले, “फोटो आजोबांना दाखव.”

तो दाखवून आला. आजोबांनी मोबाईल उन्हाआड धरून बराच वेळ पाहिला. “हा मी? आणि तोंड कुठंय माझं?” मग म्हणाले, “होडीला नवा रंग दिलाय, तिच्यापाशी काढ. या तिघांनाही घे.”

तो फोटो त्याने रंगीत काढला आणि छापून नेऊन दिला. काळापांढरा अजून मोबाईलमध्येच आहे. एका स्पर्धेला पाठवायचा त्याचा विचार होता; तारीख जवळ आली आहे आणि त्याचे काही ठरत नाही.